पिंपातला फेस

आई नागपूरहून येणार म्हटल्यावर सत्यजितने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर बिअर लपवली. अमेरिकेत, एडिसनच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये त्याचा छोटा फ्रिज किचनच्या कोपऱ्यात असायचा. आत घरी बनवलेल्या बिअरचं स्टीलचं पिंप आणि ती नळातून ढकलायला गॅसचा सिलिंडर. तो सगळा संसार दुसऱ्या बेडरूमच्या क्लोजेटमध्ये, भिंतीतल्या कपाटात, गेला, वर कुलूप.

"ऑफिसचं सामान आहे गं आई."

त्याच खोलीत माझ्या सासूबाईंचं अंथरूण. आणि वीरचं. पाच महिन्यांचं पोर क्रिबमध्ये झोपायचं, पण त्या म्हणाल्या, "पिंजऱ्यात काय ठेवता लेकराला? निजू दे की गोधडीवर, माझ्या शेजारी." दोन दिवस मी वाद घातला. मग दमले.

क्लोजेटमध्ये गेल्यापासून बिअर बिघडली. ग्लासात घोटभर बिअर, वर नुसता फेस. शनिवारी मित्रांना पाजायची होती, त्यामुळे आई देवळात गेल्या की सत्यजित क्लोजेटमध्ये शिरायचा.

"अरे, कपड्यांत कोंबलायस फ्रिज. गरम होत असणार," मी म्हटलं.

"प्रेशरचा प्रॉब्लेम आहे. नाहीतर नळी आखूड पडतेय."

"आणि तो गॅस लीक झाला तर?"

"सोड्यातला गॅस आहे, यार. पेटत नाही तो. तुला ना अदिती, सगळीकडे मरणच दिसतं."

गुरुवारी त्याने लांब नळी लावली, नवा सिलिंडर आणला आणि रेग्युलेटर काढून पुन्हा बसवला. तेवढ्यात बेल वाजली. आई परतल्या होत्या. त्याने घाईघाईने कुलूप घातलं आणि लॅपटॉप उघडून आमच्या खोलीत जाऊन बसला.

जेवणानंतर आई वीरला घेऊन आडव्या झाल्या. बाहेर बर्फ होतं. गार वारा येतो म्हणून त्यांनी दार लावून फटीत टॉवेल कोंबला. मी हॉलमध्ये मीटिंगला बसले. वीर एरवी इतका वेळ कधी झोपत नाही. आज झोपलाय तर झोपू दे, असं मनात आलं आणि त्याच क्षणी मी हेडफोन काढून त्यांच्या खोलीचं दार ढकललं.

आई पलंगावर डोकं धरून बसल्या होत्या. "बरं झालं आलीस. खाली पडवेना म्हणून वर आले, तर आता उठवत नाही गं."

मी गोधडीशी वाकले. सोडा पिताना नाकात झणझणतं, तसं झणझणलं. वीरचे ओठ जांभळट होते. उचलला तर मान मागे पडली.

"सत्यजित! आईंना बाहेर काढ!"

वीरला छातीशी धरून जिन्यातून खाली, अनवाणी, बर्फात. बाहेरच्या हवेत वीरने एकदा श्वास घेतला. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा एकदा.

अँब्युलन्सवाल्याने वीरच्या तोंडावर मास्क धरला आणि इंग्रजीत विचारलं, "घरात कुठला गॅस, केमिकल, काही?"

सत्यजितने पायरीवर शालीत बसलेल्या आईकडे पाहिलं.

"नो," तो म्हणाला. "नथिंग."

"क्लोजेटमध्ये सिलिंडर आहे," मी ओरडले. "बिअरचा. कार्बन डायऑक्साइड." आधी इंग्रजीत. मग तेच मराठीत, त्याच्या आईसाठी.

फायर ब्रिगेडला क्लोजेटच्या जमिनीवर एक छोटा पांढरा वॉशर सापडला. रेग्युलेटर बसवताना राहून गेलेला. तिथून गळलेला गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचत गेला होता.

हॉस्पिटलमध्ये वीर रडला, पण मांजराच्या पिल्लाएवढं. मेंदूला किती वेळ ऑक्सिजन कमी पडला ते आज सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाली.

आईंनी सत्यजितकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कळलं असतं मला, तर काय केलं असतं रे मी? दोन दिवस बोलले नसते."

सत्यजित माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. "मी घाबरलो होतो, अदिती."

"कोणाला?"

मी मॉनिटरवरची नजर हलवली नाही.