वरच्या पट्टीतला अविराज

अविराजचा आवाज फुटला तेव्हा तो नववीत होता. बोलणं एका उन्हाळ्यात बापासारखं घोगरं झालं, गाणं मात्र होतं तिथंच राहिलं. काटेवाडीच्या भजनात तो लहानपणापासून अभंग म्हणायचा. त्या वर्षीच्या सप्त्यात त्यानं नेहमीसारखा उंच सूर लावला आणि मांडवात हशा पिकला. मिसरूड फुटलेल्या पोराच्या गळ्यातून पोरीचा आवाज! त्याचे वडील हिंदुराव पुढंच बसले होते. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता बास कर. लोक हसत्यात."

त्यानं चारचौघांत गाणं सोडलं. उसाला पाणी धरायला गेला की तेवढं गायचा. उभ्या उसात माणूस दिसत नाही. धाकटी बहीण उत्कर्षा जेवण घेऊन यायची, बांधावर बसून ऐकायची आणि घरी चकार शब्द काढायची नाही.

पुढं कॉलेजला पुण्याला गेल्यावर तो एका वृंदगानाच्या गटात शिरला. बोलण्यावरून त्याला सगळ्यात खालच्या आवाजाच्या मुलांत उभं केलं. एकदा तालमीत मुलींची वरची ओळ सारखी चुकत होती. अविराजनं न राहवून ती त्यांना गाऊन दाखवली. गट चालवणाऱ्या माधवीबाईंचा हात पियानोवरच थांबला.

"हे कुठं लपवून ठेवलं होतंस?"

"घरी नको म्हणाले, बाई."

या आवाजाला काउंटरटेनर म्हणतात, ऑपेरात, म्हणजे सबंध गाऊन केलेल्या नाटकात, त्याला खास जागा असते, हे त्याला त्या दिवशी कळलं. बाईंनी त्याला घडवलं. पुढचं शिक्षण जर्मनीत झालं. तिथं सुरुवातीला नकारच फार मिळाले. कुठं आवाज आवडला तर उच्चार खटकले, कुठं उलटं. मग एका लहान नाट्यगृहानं त्याला निरोप्याची चिमुकली भूमिका दिली आणि ती बघून दुसऱ्यांनी थेट राजाची.

गावात हिंदुराव सांगायचे, "पोरगं जर्मनीत हाय, कंपनीत."

राजाच्या तालमी सुरू व्हायच्या आधी उत्कर्षाचं लग्न निघालं, इंदापूरला. अविराज आला. हळदीच्या दिवशी ती म्हणाली, "दादा, शेवटची मंगलाष्टका तू म्हणायची. बांधावर गायचास त्या आवाजात."

हिंदुरावांनी ऐकलं. "काय नको. नव्या पाहुण्यांत हसं व्हईल."

"तात्या, लगीन माझं हाय," उत्कर्षा म्हणाली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी भटजींनी अविराजच्या हातात माइक दिला. परक्या मुलखात परीक्षकांपुढं तो असा कधी कचरला नव्हता. त्यानं पहिली ओळ खाली, बोलायच्या आवाजात म्हटली. अंतरपाटाआडून उत्कर्षानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो थांबला. श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा, वर, आपल्या जागेवरून उचलली.

कार्यालयातली माणसं माना उंचावून गाणारी बाई शोधू लागली. मागं पोरांची खसखस पिकली. काही जण शेवटपर्यंत हसतच होते. पण बायकांची कुजबुज थांबली, आचारी झारा हातात घेऊन दारात आला. अविराजनं शेवटचा सूर लांबवला आणि सोडला. "सावधान" म्हणायला भटजींनाही जरा उशीरच झाला.

अक्षता पडल्यावर नवऱ्या मुलाचे चुलते आबासाहेब हिंदुरावांजवळ आले. "हिंदुराव, ती शेवटची कोण म्हणली? बाई काय दिसली न्हाय."

हिंदुरावांनी फेटा सारखा केला. अविराज पलीकडंच उभा होता. आता कंपनीचं काहीतरी निघणार, असं त्याला वाटलं.

"बाई न्हाय. माझं पोरगं हाय," हिंदुराव म्हणाले. "जर्मनीत गातो. त्येचाच पगार हाय त्याला."

"गायचा पगार?"

"व्हय. मग?"

आबासाहेबांनी अविराजच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला जेवायला नेलं.

संध्याकाळी सगळे गाडीनं घरी परतत होते. वाटेत हिंदुराव म्हणाले, "तितं बाईचं काम करतोस व्हय रं?"

"न्हाय तात्या. राजाचं."

"राजा ह्या आवाजात?"

"ती नाटकं लिहिली तेव्हा राजे, सेनापती असेच गायचे. आवाज जेवढा उंच, तेवढा माणूस मोठा."

हिंदुरावांनी यावर पुष्कळ विचार केला. "आदी सांगायचंस की," ते म्हणाले.

राजा चांगला गाजला. तिथल्या वर्तमानपत्रांनी अविराजचं नाव घेतलं, पुढच्या हंगामाची कामं आली. साखर कारखान्याचं गाळप संपल्यावर हिंदुराव स्वेटर घालून जर्मनीला गेले आणि सबंध खेळ ताठ बसून पाहिला. राजाला शेवटी विष दिलं जातं, आणि त्यानंतरही तो बराच वेळ गातो.

पडदा पडल्यावर ते आत भेटायला आले. अविराज तोंडाचा रंग पुसत होता.

"आवाज चांगला लागला," हिंदुराव म्हणाले. "पण मरायला लई येळ लावलास."