जास्तीची ताटली

मित्रांनो, सूप वाढायची खोलगट ताटली ती मी. माझं वय विचारू नका. निळी किनार बरीचशी पुसली आहे आणि कडेला एक टवका उडालेला आहे. तो ओटिलीने पाडला, सात वर्षांची असताना, मला धुताना. केवढी रडली होती! पुढे आयुष्यभर ती माझ्यातच जेवली.

आमचं शहर तेव्हा जर्मनीतलं ब्रेस्लाऊ होतं. मोठं युद्ध संपलं, सरहद्द सरकली आणि शहर पोलंडकडे गेलं. जर्मन माणसांना गाड्यांत भरून उरलेल्या जर्मनीत पाठवू लागले. एके दुपारी जिन्यात बुटांचा आवाज आला, तशी म्हातारी ओटिली जेवता जेवता उठली आणि मागच्या दाराने निघून गेली. माझ्यातलं अर्धं सूप तसंच वाळलं.

डिसेंबरात स्तेफा आली. पोलिश बाई, पूर्वेकडच्या ल्वूफहून. ते शहर रशियाकडे गेल्याने तिचंही घर सुटलेलं, एकटी, एक गाठोडं घेऊन. सरकारी कचेरीने तिला राहायला या घराची चिठ्ठी दिली होती. समोरच्या बिऱ्हाडातली ब्रोन्का तिच्याच भागातली, चार महिने आधी आलेली. ती लगेच चौकशीला आली.

"कसं वाटलं गं आमचं शहर?"

"शहर आहे कुठे? स्टेशनपासून चालत आले, अर्ध्या घरांना छप्परच नाही. पाट्या सगळ्या जर्मनमध्ये. आणि इथे बघ, खुंटीवर कोट, टेबलावर चमचा. चोरासारखी शिरलेय मी."

"आठ दिवस वाटेल तसं. मग तोच कोट घालून मिरवशील!"

"मुळीच नाही. आणि वर माळ्यावर कोण चालतं?"

ब्रोन्काने घाईने क्रूसाची खूण केली. "कोणी नाही, बाई. जर्मन गेले, भुतं ठेवून गेले. तू लक्षच देऊ नकोस."

मला ती पावलं ओळखीची होती. उजवा पाय जरा ओढत चालणारी. पण ताटलीला तोंड कुठे असतं?

स्तेफाने मला घासून लख्ख केलं, पण माझ्यात जेवली नाही. ती आपल्या पत्र्याच्या वाडग्यात खायची आणि छताकडे बघत बसायची. गाठोडं तिने सोडलंच नाही. नाताळ झाला की इथून जायचं, असं तिने ठरवलं होतं. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली. तिने टेबलावर गवताच्या काड्या पसरून वर चादर घातली, बीटचं सूप केलं. त्यांच्याकडे त्या दिवशी एक ताटली जास्तीची मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी. आमच्या घराला ही रीत ठाऊक नव्हती. माझ्यात जेवायला तिचा हात धजत नव्हता, म्हणून तिने मलाच त्या जागी मांडलं.

तेवढ्यात वरची पावलं जिना उतरू लागली. दारापाशी थांबली. थाप पडली.

स्तेफाने क्रूसाची खूण केली. तरी तिने दार उघडलं. घोंगडी पांघरलेली, वाळून काडी झालेली माझी ओटिली उभी होती.

"सुपाचा वास आला," ती जर्मनमध्ये म्हणाली. "दोन दिवस पोटात काही नाही. बसू का मी?"

शाळेतली जर्मन आठवत स्तेफा म्हणाली, "या आजी. पान मांडलेलंच आहे."

ओटिली बसली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिचं बोट आपसूक त्या टवक्यावर गेलं. स्तेफाचा पळीचा हात हवेतच थांबला.

"घर तुमचं आहे."

"होतं."

"मी जाते. नाताळ झाला की लगेच जाते, आजी."

"कुठे जाशील? तुझ्याही ताटलीत आता कुणीतरी जेवत असेल."

स्तेफा उभ्या उभ्या रडू लागली. ओटिलीने मला थोडं पुढे सरकवलं.

"वाढ गं. गार होतंय."

त्या रात्री स्तेफाने गाठोडं सोडलं. वसंतात शिपायांनी ओटिलीलाही जर्मनीच्या गाडीत बसवलं. स्तेफा मला तिच्याबरोबर देत होती, पण ती म्हणाली, "ठेव. दरवर्षी मांडत जा." ती पुन्हा आली नाही. आता स्तेफाही नाही. तिची नात मला मांडते. माळा कधीचाच रिकामा आहे, तरी पहिली चांदणी दिसली की टेबलाभोवतीचे सगळे एकदा वर बघतात.

मित्रांनो, परक्या शहरात परक्या घरी उतरलात, तर तिथल्या ताटलीच्या कडेवरून एकदा बोट फिरवा. टवका लागला, तर घास घेण्याआधी जरा थांबा. तिथे कुणीतरी जेवता जेवता उठलेलं असतं.