दोन वाव आत

मोठ्या देशाची वकिलात आमच्या जमिनीवर उभी राहिली तेव्हा मी पस्तिशीत होते. वडिलांनी जमीन लांबच्या कराराने दिली आणि कुंपणाच्या आत आईची कबर राहून गेली. आत म्हणजे अगदी कडेला, बेटाने कवेत घेतलेल्या आतल्या समुद्राच्या बाजूला, केवड्याखाली. आमच्याकडे कबर घराजवळच असायची. ती जमिनीतून वेगळी मोजून घ्यायची असते, हे वडिलांना कोण सांगणार? तिथेच, राजदूताच्या घरात, मी स्वयंपाकाला लागले. तेवढीच आईच्या जवळ.

राजदूत येत आणि जात. कोणी तीन वर्षं राहिला, कोणी सहा; मध्ये कधी घर नुसतंच बंद असे. पहिला उंच, पाय लांब टाकत चालणारा, त्याला आम्ही बगळा म्हणायचो. तिसरी सावलीतसुद्धा छत्री उघडून बसायची. आल्यावर प्रत्येक जण गावच्या सभेत उभा राहून सांगे की देश लहान-मोठा नसतो, आपण सगळी एकाच समुद्राची लेकरं. ते भाषण मला पाठ झालं होतं. लेकरं तीन वर्षांनी सामान बांधत, आणि मी पलंगाच्या चादरी धुऊन पुढच्याची वाट पाहत असे.

सहावा आला तो खोकतच. त्याची ही शेवटची नेमणूक होती. बायको गेलेली. नीरेची काकवी त्याला आवडायची. नीरफणसावर घालून खायचा आणि पुन्हा मागून घ्यायचा. पहिल्याच दिवशी, आमच्यात बाईच्या नावाआधी लावतात तसं 'नेई' लावून म्हणाला, "नेई काओबुनांग, काही लागलं तर मला माग." असं बोलणाऱ्याने आमच्याकडे दिलेलंच असतं. आपल्या माणसाने बुबुती केली, म्हणजे तोंड उघडून मागितलं, की नाही म्हणायचं नसतं. म्हणणाऱ्याची सात गावांत लाज जाते.

मी मात्र दीड वर्ष काही मागितलं नाही. मग माझी थोरली बहीण तेरेंगा आजारी पडली, आणि दवाखान्यातून घरी पाठवली. तिला एकच हवं होतं.

"आईशेजारी ठेवा मला," ती म्हणाली. "तुझ्या त्या साहेबाला विचार."

मी विचारलं. त्याने कप खाली ठेवला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "मला राजधानीला लिहावं लागेल."

"काय म्हणाला?" तेरेंगाने झोपायच्या मचाणावरूनच विचारलं.

"लिहितो म्हणाला."

"म्हणजे नाही."

"नाही म्हणाला नाही."

"मग हो म्हणाला?"

"तेही नाही."

"मग तोंड कशाला उघडलं गं त्याने?" ती हसली आणि कुशीवर वळली. "सांग त्याला, फार जागा घेणार नाही. आता उरलेय किती मी."

उत्तर यायला सात आठवडे लागले. तोवर तेरेंगाचं जेवण सुटून नुसती पेज राहिली होती. साहेबाने स्वयंपाकघरात येऊन उभ्यानेच कागद वाचून दाखवला. वकिलातीच्या आवारात परक्या व्यक्तीचं दफन करता येत नाही.

"परकी कोण?" मी विचारलं.

"तुझी बहीण."

"तिचा जन्म त्या केवड्याजवळच्या झोपडीतला आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. कागदाची घडी त्याला नीट घालता येईना.

दोन दिवसांनी दुपारी तो कुंपणाशी टेप घेऊन उभा दिसला. मी त्याला टोपी नेऊन दिली.

"हे कुंपण कोणी घातलं?"

"बगळ्याने."

"बगळा कोण?"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. "पहिले साहेब."

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. "आणि मी कोण?"

"खोकल्या."

"बरं आहे. आधीच्या ठिकाणी याहून वाईट होतं." मग पाण्याकडे बघत म्हणाला, "समुद्र आत येतोय ना, नेई?"

मी पाहिलं. माझ्या लहानपणी होता तिथेच होता. "येतो की. रोज दोनदा."

"मग मी खोटं लिहीत नाही."

त्याने लिहिलं, की समुद्र आत येतो आहे, सबब कुंपण दोन वाव, म्हणजे पसरलेल्या हातांची दोन मापं, आत घ्यावं लागेल. या पत्राचं उत्तर आठ दिवसांत आलं. त्या दिवसांत जगभरच्या सगळ्या सभांत आमच्या समुद्राचीच चर्चा असे. मंजुरी होती, शिवाय त्यांनी फोटो मागवले होते.

माणसं आली, खांब उपटले, दोन वाव आत रोवले. आईची कबर बाहेर पडली.

"म्हणजे आता तिथे..." मी म्हणाले.

त्याने नुसत्या भुवया उचलल्या. आमच्यात तो होकार. पाच राजदूतांना तो कधी उमगला नव्हता. उत्तर मिळालं नाही समजून ते पुन्हा विचारत बसायचे.

"आता मी मागतो," तो म्हणाला. "पुढच्याला यातलं काही सांगू नकोस." बुबुतीच होती. मी भुवया उचलल्या.

तेरेंगा पावणेदोन महिन्यांनी गेली. गावाने गाणी म्हटली, कडेने पांढरे दगड लावले. खोकल्या कुंपणाच्या आतल्या बाजूला कोट घालून उन्हात उभा होता. वर्षभराने तोही सामान बांधून आपल्या देशी गेला. गळ्यात फुलं घातली तेव्हा खोकला आला म्हणून त्याने तोंड फिरवलं.

सातवा आला, गेला. मी काम सोडलं तरी चटई घेऊन दुपारी कुंपणाबाहेर बसते. आता समुद्र खरंच येतो. परवाच्या उधाणाला केवडा आडवा झाला, आणि तेरेंगाच्या पायाकडचे दगड पाण्याने नेले. त्या दोघींना आत सरकवायला हवं. मलाही फार दिवस नाहीत, आणि माझ्यासाठी ठेवलेल्या जागी भरतीला घोटाभर पाणी असतं.

आठवी राजदूत तरुण आहे. काल कुंपणाशी येऊन म्हणाली, "आजी, आमच्या जुन्या कागदांत आहे बघा, एका साहेबांनी तेव्हाच ओळखलं होतं समुद्र येणार म्हणून. दूरदृष्टीचे होते ना?"

मी भुवया उचलल्या.

"होते ना?" तिने पुन्हा विचारलं.

"होते, बाई."

"तुम्हाला काही लागलं तर सांगा हं."

पुन्हा तेच मागायचं म्हणजे अंगावर येतं. पण ती स्वतःहून म्हणाली होती. "कुंपण आणखी दोन वाव आत घ्या," मी म्हणाले.

"मला राजधानीला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं. "कबरींचं नका लिहू. समुद्र आत येतोय म्हणून लिहा. उत्तर लवकर येतं."