साहेबांचा अर्धा रुमाल

मी या उताराची माती बोलतेय. पायाखालून आवाज आला म्हणून दचकू नका. आजवर गप्प होते ती बोलता येत नव्हतं म्हणून नव्हे. मला कुणी काही विचारलंच नाही.

चाळीस वर्षांपूर्वी मी उघडीबोडकी होते. मग माणसांनी मधोमध चर खणून माझ्या दोन वाटण्या केल्या. चराच्या अलीकडे रोपवाटिकेच्या म्हाताऱ्या माळ्याने हाती लागेल ते लावलं: शिरीष, करंज, जांभूळ, बाभूळ. पलीकडे नुसती निलगिरी, कवायतीला उभी केल्यासारखी. माती तीच, पाऊस तोच. पण वरून पडणारी पानं वेगळी, मुळांतून पाझरणारा रस वेगळा, आणि त्यावर जगणारं माझ्या पोटातलं गोकुळही वेगळं झालं. डोळ्यांना न दिसणारे जीव, बुरशीचे पांढरे धागे, हेच माझं घरदार. अलीकडे त्यांची ही गर्दी! पलीकडे तेलकट पानं चघळत बसलेली मोजकी, चिवट मंडळी. तीही माझीच आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

यंदा वनखात्याचे नवे साहेब आले. अलीकडची झाडं त्यांना वेडीवाकडी वाटली. ती तोडून तिथेही निलगिरी लावायचं त्यांनी ठरवूनच टाकलं.

रोपवाटिका आता माळ्याची सून सांभाळते. तिला सगळे काकू म्हणतात. रोपाच्या प्रत्येक पिशवीत काकू अलीकडची मूठभर माती घालतात, सासऱ्यांनी शिकवलं तसं. साहेबांचा हुकूम ऐकून त्यांनी हात जोडले नाहीत, पदर खोचला.

"साहेब, इथली माती जिवंत आहे. ही झाडं गेली की ती उपाशी पडेल."

"अहो काकू, माती ती माती. तिला कसली आलीय भूक?"

माती ती माती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, पण आग खरी होती.

सुती फडकं माझ्यात पडलं की माझे जीव ते फस्त करतात, हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याचे दोन बनियन चराच्या दोन बाजूंना पुरले. दोन महिन्यांनी साहेबांसमोर उकरले, तर दोन्ही जसेच्या तसे! साहेब पोट धरून हसले. काकूंचा चेहरा उतरला आणि मला रडू कोसळलं.

तेवढ्यात काका धापा टाकत आले.

"अगं, हे इथे कसे? दोन महिने कपाट उपसतोय मी! लवकर वाळतात म्हणून मुद्दाम नायलॉनचे आणले होते!"

ऐकलंत? नायलॉन मी खात नाही. कुणी कितीही हसलं तरी खाणार नाही.

साहेबांनाही चेव आला. त्यांनी खिशातला रुमाल काढला. "हा अस्सल सुती." कात्रीने दोन तुकडे करून त्यांनी स्वतःच्या हाताने पुरले, वर खुंट्या ठोकल्या. "दोन महिने थांबतो. मग करवत चालणार."

दोन महिन्यांनी करवतवाले येऊन उभे राहिले. पलीकडचा तुकडा निघाला: मळका, जरा विरलेला, पण नाक पुसण्याजोगा. अलीकडे साहेब गुडघे टेकून उकरू लागले. वीतभर खणलं, दोन वीत खणलं.

"जागा चुकलीय," ते म्हणाले.

"खुंटी तुम्हीच ठोकलीत," काकू म्हणाल्या.

शेवटी साहेबांच्या बोटांना शिवणीचा तेवढा नायलॉनचा दोरा लागला. त्यांनी मला ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं. मग करवतवाल्यांना म्हणाले, "सामान गाडीत भरा."

झाडं उभी आहेत. उद्या आणखी कुणी साहेब येतील आणि माती ती माती म्हणतील. येऊ देत, मी कुठे पळून जात नाही. माझ्यावर काय लावायचं ते ठरवताना माझ्या पोटात कोण नांदतं ते आधी बघा, एवढंच माझं मागणं आहे. विश्वास बसत नसेल, तर येताना रुमाल घेऊन या. मात्र सुती आणा.