जित्याला कच्चं पीठ

निहारच्या पहिल्या वाढदिवसाला चामराजपेटेतल्या आमच्या घरी जमलेल्या प्रत्येक बाईने त्याचे गाल ओढले. "केवढं बाळसं गं!" असा एकमुखी निर्णय झाला. पुढे आलेल्या पोटाचंही कौतुक झालं: "साक्षात गणप्पा!" आमच्या समाजात जी आरोग्याची लक्षणं मानली जातात, तीच माझ्या मुलाच्या बाबतीत एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराची लक्षणं होती. त्या बायकांना ते कळलं नाही यात नवल नाही. बालरोगतज्ज्ञालाही कळलं नाही. त्याने निहारला टॉनिक दिलं आणि मला शांत राहण्याचा सल्ला. मी शांतच होते. अजूनही आहे.

मग एका सकाळी निहार उठेना. अंग घामाने गार, रक्तातली साखर जवळजवळ संपलेली. तेव्हा भेटलेल्या डॉक्टर अंजलींनी निदान केलं, आणि मी ते आत्याला समजावलं.

"निपाणीच्या घरी जोंधळ्याचं पेव होतं ना? निहारचं यकृत म्हणजे तसं पेव. साखर आत साठते. पण ती बाहेर काढायची किल्ली त्याला जन्मापासूनच नाही. पेव फुगत जातं आणि घर उपाशी राहतं."

"किल्ली हरवली कुणी?"

"आपण सगळ्यांनी मिळून."

अंबूबाई माझी आत्याही आणि सासूही. मामाची मुलगी आत्याच्या मुलाला द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. त्यानुसार मला मंजुनाथला दिलं. धर्मशास्त्राचा इतिहास हा माझा विषय. असल्या विवाहांवर पंडितांनी शतकानुशतकं केलेला वाद मी वर्गात रंगवून सांगते. त्या वादात यकृताचा उल्लेख कुठेही नाही. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं. आमच्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही बाजू एकाच घरातून जुळवून दिल्या, तेही मुहूर्त पाहून.

उपचार विलक्षण साधा: कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात ढवळून, ठरल्या वेळी, न चुकता. ओलं लाकूड जसं सावकाश जळतं तसं कच्चं पीठ पोटात सावकाश विरतं, आणि रक्ताला साखर पुरवत राहतं. शिजवलेलं पीठ किंवा गोड खाणं कागदासारखं भसकन जळून जातं. मधे खंड पडला की मूल गार पडतं.

निहार अडीच वर्षांचा झाल्यावर मी पुन्हा कॉलेजात शिकवू लागले. सकाळच्या वाटीची जबाबदारी आत्याकडे गेली, आणि दुपार होण्याआधीच निहारची साखर रोज घसरू लागली.

"घरी पाजतं कोण?" डॉक्टर अंजलींनी विचारलं.

"त्याची आजी."

"गुपचूप गोड देतात?"

"नाही म्हणते."

"असंच चाललं तर मेंदूला इजा होईल. पोटात नळी बसवावी लागेल. नाहीतर पाजणारं माणूस बदला."

महादेवपुऱ्यातल्या ऑफिसातून मंजुनाथने फोनवरच आपल्या आईबद्दल निकाल दिला. "अव्वा बेसनाचा लाडू देत असणार. मला नव्हती का देत?"

दुसऱ्या दिवशी मी व्याख्यान रद्द केलं आणि अवेळी घरी परतले. आरोपपत्र वाटेतच तयार झालं होतं, मुद्देसूद आणि निष्ठुर. आत्या गॅसपाशी उभी होती. मंद आचेवर पातेलं, हातात पळी. गुठळी होऊ नये म्हणून ती अखंड ढवळत होती. शेजारी कॉर्नफ्लोअरचा डबा उघडा.

"हे काय?"

"पुट्टाची गंजी, आपल्या बाळाची पेज. स्वल्प मीठ घातलंय. साखरेचा कण नाही, तुझी शपथ."

"मी कच्चं सांगितलं होतं."

"सांगितलंस."

"का ते पण सांगितलं होतं."

"तेही सांगितलंस. ओलं लाकूड." पळी थांबली. "वेदे, तू एवढी शिकलेली. तूच सांग, कच्च्या पिठाचे गोळे कुणाला ठेवतात?"

उत्तर मला आधारवचनांसकट येत होतं.

"ह्यांच्या दहाव्याला मंजूने नदीवर तेच ठेवले. मेलेल्याला कच्चं, जित्याला शिजलेलं. जित्या लेकराच्या तोंडाला मी माझ्या हाताने ते लावू?"

माझं आरोपपत्र जागच्या जागी निकालात निघालं. विज्ञान तिला समजलं होतं. ते तिच्या हातांना पटत नव्हतं. आणि हातांशी वाद घालण्याची सोय माझ्या विद्येत नव्हती. असलीच तर ती निपाणीच्या स्वयंपाकघरात होती.

"आत्या, नागपंचमीला आपण तवा ठेवत नाही. मग नागप्पाला काय दाखवतेस?"

"हसी तंबिट्टू. तांदळाचं पीठ आणि गूळ."

"पीठ शिजवून?"

"वेडी का? हसी म्हणजे कच्चंच. नागप्पाला धग सोसत नाही."

"आणि मग ते खातं कोण?"

"तुम्ही पोरंच की. तू तर मुठी भरभरून..." ती थांबली. "तुझं शास्त्र फार सोयीचं आहे बाई."

"सगळ्यांचंच असतं. पोथ्या त्यावरच उभ्या आहेत."

"सरी, बरं तर," ती म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

हात धुऊन तिने गार पाण्यात पीठ ढवळलं. निहारची वाटी मापाने भरली, शेजारी आणखी दोन वाट्या ठेवल्या. देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या नागासमोर तिन्ही धरल्या, आणि स्वयंपाकघरात तीन पाट मांडले.

"एकट्याला कच्चं द्यायचं नाही. बस पंगतीला."

निहारने तोंड वेडंवाकडं करत वाटी संपवली. आत्याने डोळे मिटून आपली प्यायली. मीही माझी रिकामी केली.

"नुसता खडू आहे गं! रोज हे पितं बिचारं पोर?"

मग मंजुनाथचा लाडवाचा संशयही मी तिला सांगून टाकला. पुढची वाटी द्यायच्या आधी मी निहारच्या बोटाला सुई टोचली. तो रडला, यंत्रावर आकडा उमटला. आत्या माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"पडला?"

"नाही. टिकला."

ती खाली बसली. निहार तिच्या मांडीवर चढून तिच्या सोन्याच्या बांगड्या मोजू लागला, चुकतच. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि मग, जरा वेळाने, स्वतःचे डोळे.

"उद्या वर्ग आहे ना तुझा? जा. मी देते." मग तिने ओट्यावरच्या पातेल्याकडे पाहिलं. "आणि ती गंजी झाकून ठेव. आल्यावर मंजूला वाढते. माझ्यावर लाडवाचा आळ घेतो म्हणे!"