वळणावर निजलेला वाघ

यवतमाळहून घाटंजीकडे निघालं की चौदा मैल रस्ता असा सरळ, की बैलांनी डोळे मिटून चालावं आणि गाडीवानाने त्यांच्याआधी घोरावं. मग एकाएकी तो उजवीकडे पोट काढतो. तिथे ना टेकडी, ना नाला, ना कुणाची विहीर. पाटासारखी सपाट जमीन सोडून रस्ता वळसा घालतो आणि पुढे काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा सरळ चालू लागतो. एसटीचे कंडक्टर त्याला 'साहेबाचं वळण' म्हणत. ते का पडलं, हे साऱ्या मुलखात एकट्या खेमसिंगला ठाऊक होतं. जो विचारील त्याला तो सांगेही. फक्त दर वेळी वेगळं सांगे.

कधी म्हणे, नकाशावर रेघ ओढताना गोऱ्या साहेबाला शिंक आली. कधी म्हणे, खडी दाबायचा रूळ ओढणारा रेडा त्या जागी रुसला आणि त्याची समजूत काढता काढता रस्ता तिकडे गेला. खेमसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यातला माणूस. वय विचारलं तर समोरचा पाहून सांगायचा. कुणाला सत्तर, कुणाला एकशेदहा. त्याचा आजा बैलांवर मीठ वाहायचा, आणि त्यातला एक बैल ज्या नाल्यात बसला तो नाला म्हणे अजून खारट आहे. अशा या माणसाने नीळकंठ इंजिनियरांच्या हाताखाली सव्वीस वर्षं मोजणीच्या साखळीचं टोक धरलं. साखळीच्या एका टोकाला जिल्ह्यातला सगळ्यात खरा माणूस आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यात खोटा, असं कचेरीतले बाबू म्हणत.

चौसष्ट सालच्या माघात नीळकंठसाहेब गेले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्या खाटेवर, उशाशी चष्मा घडी करून ठेवून. तेरवीला खेमसिंग पागोटं धुऊन आला. जेवणं उरकली. मांडवात पानं लावत बसलेल्या म्हाताऱ्या बाबूंपैकी एकाने विषय काढला.

"खेमसिंग, वाघ होऊन जाऊ दे रे. साहेबांनाही आवडायचा."

खेमसिंगचा त्यात जीव नव्हता. पण दाराच्या आड साहेबांच्या पत्नी रत्नप्रभाबाई बसल्या होत्या, आणि तेरा दिवसांत त्या हसल्या नव्हत्या, हे त्याला कळलं होतं.

"आमी खुंट्या ठोकत येऊन राह्यलो," त्याने सुरू केलं, "त पुढे वाघ निजलेला. रस्त्याच्या मधल्या रेषेवर, अगदी दोरीत. मी म्हनलं, साहेब, हाकलू का? साहेब म्हने, कायले? त्याची झोप मोडू नको, आपन बाजूनं जाऊ. तीन महिने खडी पडली, रूळ फिरला, तरी दौलतराव उठले नाईत."

"दौलतराव कोण?"

"वाघ! यवढा मोठा जीव, त्याले नाव नको? त चौथ्या महिन्यात उठला. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. आपल्याभवती सरकारी रस्ता गेला हे ध्यानात आलं, त मागच्या दोन पायांवर उभा राह्यला, साहेबाले असा सलाम ठोकला, अन् गेला जंगलात."

मांडव हसला. दाराआडून पदराला तोंड दाबल्याचा आवाज आला आणि खेमसिंगला वाटलं, चला, आजचं जेवण पचलं.

तेवढ्यात साहेबांचा मुलगा नंदकिशोर उभा राहिला. एकतीस वर्षांचा, बापासारखाच इंजिनियर, बापासारखेच कान. नुकताच बदलून याच जिल्ह्यात आलेला.

"हसा मंडळी, पण आता या गोष्टीला वळण उरणार नाही," तो म्हणाला. "मी जुनी फाईल वाचली. बाबांच्या नावावर एकच शेरा आहे. 'कारण न देता रस्ता वळवला.' त्यांना तीनदा विचारलं गेलं, तीनदा ते गप्प बसले. बढती गेली ती तेवढ्यापायी. साऱ्या नोकरीतली त्यांची एकच चूक. मी मंजुरी आणली आहे. सोमवारपासून तिथे सरळ खोदाई लागते. माझ्याकडून बाबांना हेच."

लोकांनी माना डोलावल्या. खेमसिंगच्या बोटांतलं पान लावायचं राहून गेलं.

एकतीस सालच्या कार्तिकात तिथेच मोजणीचा तळ होता. साहेब तळावर कुटुंब नेत. बायको आणि मुलगी डोळ्यांसमोर नसली की त्यांचा आकडा चुकतो, असं ते गंभीरपणे सांगत, आणि ते खरंच चुकत. मुलीचं नाव रजनी, वय अडीच वर्षं. दुर्बिणीची तिवई दुपारी मोकळी असली की तिच्या तीन पायांत लुगडं बांधून साहेब तिचा पाळणा करत. अंघोळीचं पाणी आपल्या कोपराने तपासत, दोनदा. मग ताप आला. आधी बाईंना, मागून पोरीला. बाई चार दिवस तंबूत बेशुद्ध. तिसऱ्या दिवशी साहेब तासाभरासाठी लाइनीवर गेले, दोन मैल, एकच आकडा पुन्हा घ्यायला. ते परत आले तेव्हा पोर खेमसिंगच्या बायकोच्या, हंसाबाईच्या मांडीवर होती आणि हंसाबाई मान वर करत नव्हती.

दिवस मावळायला आला होता. जमीन मुरमाची, कुदळीशिवाय फुटायची नाही. आणि कुदळीचा आवाज बाईंच्या तंबूत गेला असता. माती पाहायला दोन दिवसांपूर्वी खणलेला एक खड्डा तेवढा तयार होता. रस्त्याच्या मधल्या रेषेवरच. साहेबांनी खाली उतरून तो हाताने साफ केला. दुसऱ्या दिवशी, कुणालाही जवळ न बोलावता, त्यांनी रेषेच्या खुंट्या एकेक करून उपटल्या आणि उजवीकडे ठोकल्या.

बाई शुद्धीवर आल्या आणि त्यांनी रजनीला हाक मारली. साहेब तंबूतून बाहेर आले. सात आकडी गुणाकार तोंडाने करणारा माणूस खेमसिंगपुढे हात पसरून उभा राहिला.

"खेमसिंग, मला एक खोटं दे," ते म्हणाले. "मला करता येत नाही. ती इथे आहे हे कळलं तर बाई इथून उठायची नाही. आणि मी त्या वेळी कुठे होतो, ते मला तिला सांगता येणार नाही."

खेमसिंगने दिलं. जन्मात इतकं चांगलं त्याने कधी रचलं नव्हतं. पोरीला छकड्यात घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं; वाटभर ती गाणं म्हणत होती; तिथल्या सिस्टरच्या मांडीवर ती हसत गेली; गावाबाहेरच्या मसणात, लहान पोरांच्या बाजूला, कडुनिंबाखाली निजवली. साहेबांनी ते शाळेतल्या पोरासारखं पाठ केलं आणि तंबूत जाऊन म्हणून दाखवलं.

तेव्हापासून दर कार्तिकात बाई त्या कडुनिंबाखाली एक बुंदीचा लाडू ठेवून येत. साहेब शेजारी उभे राहत. दोनेक दिवसांनी ते खेमसिंगला घेऊन वळणावर रस्त्याखालची मोरी तपासायला जात. वळणावर मोरी नव्हती. त्या साली साहेबांनी तळ सोडला तो सोडलाच; पुढे काम कितीही लांब असो, सायकल हाणत ते दिवेलागणीआधी घरी पोचत. बदली त्यांनी कधी मागितली नाही. आणि जायच्या आठ दिवस आधी खेमसिंगचा हात धरून एवढंच म्हणाले होते, "बाईला जायला एक जागा आहे. ती मोडू नको."

आता सोमवारी त्याच जागी कुदळ पडणार होती, आणि ती मारणार होता साहेबांचाच मुलगा, बापाचं नाव धुवायला म्हणून. बोलावं तर बाईंचा कडुनिंब जातो. न बोलावं तर पोरीवरून मोटारी जातात. खेमसिंग उठला. जीभ सवयीने वाट काढत होती.

"नंदूबाबा, तिथं खोदू नका."

"का? दौलतराव परत आले?"

पुन्हा हशा. खेमसिंग हसला नाही.

"तिथं माही पोरगी हाय. अडीच वर्साची होती. तळावर तापानं गेली. साहेबानं माह्यासाठी रस्ता वळवला, अन् मले बोलू देलं नाही. नोकरीवर आलं असतं."

एका म्हाताऱ्या बाबूने डोक्यावरची टोपी काढली. नंदकिशोर जवळ आला.

"खेमसिंगकाका, इतकी वर्षं सांगितलं का नाही? म्हणजे ती चूक नव्हतीच. बाबांनी तुमच्यासाठी..."

"हौ," खेमसिंग म्हणाला. झालं होतं. साहेबांचं नाव राहिलं, वळण राहिलं, कडुनिंबही राहिला. आयुष्यभराचं खोटं बोलणं आज कुठेतरी कामी आलं होतं.

"नाव काय होतं तिचं?"

रत्नप्रभाबाई दारात उभ्या होत्या. पांढरं लुगडं, रिकामे हात.

ज्याने वाघाला नाव दिलं होतं, त्या माणसाला नाव सुचेना. तांड्यात शंभर बाया होत्या. जमनाबाई, सोनीबाई, धुरपताबाई, कुठलंही एक पुरलं असतं. त्याने तोंड उघडलं. जिभेवर एकच नाव होतं. बत्तीस वर्षं गिळलेलं, आणि ते बाजूला होऊन दुसऱ्याला वाट देईना. त्याने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. मग पागोटं काढून हातात घेतलं आणि खाली पाहत राहिला.

बाई उंबऱ्यावर बसल्या.

"दर कार्तिकात त्यांच्या गुडघ्यांना लाल मुरूम लागलेला असायचा," त्या म्हणाल्या. "मी धुवायची. एकदा विचारलं, अहो, मोरी तपासायला गुडघे कशाला टेकावे लागतात? तर म्हणाले, मोरी फार खाली आहे."

"आई, काय झालं?" नंदकिशोर म्हणाला.

"तुझी बहीण आहे तिथे," बाई म्हणाल्या. मग खेमसिंगकडे वळल्या. "छकडा?"

"नव्हता, बाई."

"सिस्टर?"

"हंसा होती. हंसाच्या मांडीवर."

"आणि हे?"

खेमसिंगने साहेबांच्या खोलीकडे पाहिलं. खाट उभी करून भिंतीला लावली होती. "साहेब लाइनीवर होते, बाई. तासभर. पळत आले. मी टोक धरून होतो, मले ठाव हाय, कसे पळत आले ते. थोडक्यानं उशीर झाला."

बाईंनी डोळे मिटले. "एवढंच लपवायला? मी काय रागावले असते रे त्यांच्यावर?" आणि मग त्या रडल्या. तेरा दिवस नवऱ्यासाठी कोरड्या राहिलेल्या डोळ्यांनी, दोघांसाठी मिळून, साऱ्या मांडवासमोर.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "ती गाणं म्हणत होती, तेही तूच रचलंस?"

"नाही बाई. हंसा आमच्या बोलीतलं म्हनत होती, अन् पोरगी तिच्यामागून. शब्द येत नव्हते तिले. नुसती हूं हूं करे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं जीपने वळणावर गेले. नंदकिशोरने साखळी काढली, पण खेमसिंगने ती घेतली नाही. मैलाच्या दगडाला पाठ लावून तो चालत निघाला, एकशेत्र्याहत्तर पावलं, आणि जिथे थांबला तिथे गवतापलीकडे काही नव्हतं. सरळ रस्त्यासाठी मारलेली नव्या मोजणीची खुंटी तिथून हातभरावर होती. नंदकिशोरने ती दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटली आणि बराच वेळ हातात धरून उभा राहिला. बापाने त्याच जमिनीतून अशीच उपटली होती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाई गुडघे टेकून बसल्या. पदराच्या गाठीतून लाडू काढला. यवतमाळची एसटी आली, वळण घेतलं, कंडक्टरने खिडकीतून पाहिलं, गाडी गेली.

"खेमसिंग," बाई म्हणाल्या, "वाघाची गोष्ट साऱ्या जिल्ह्याला सांगितलीस. हिला नाही सांगितलीस."

"नाही बाई."

"सांग."

खेमसिंग खाली बसला. ती गोष्ट त्याने हजार वेळा सांगितली होती, हजार प्रकारे, आणि आज पहिल्यांदाच त्याला पहिलं वाक्य शोधावं लागलं.

"आमी खुंट्या ठोकत येऊन राह्यलो," तो गवताकडे पाहत म्हणाला, "त पुढे दौलतराव निजलेले. तुह्या बापानं पाह्यलं. म्हने, खेमसिंग, आवाज नको करू. खडी पडली, रूळ फिरला, बैल आले, मोटारी आल्या, सायेब लोक आले न् गेले, राज बदललं, तुहा भाऊ झाला, मोठा झाला..."

तो थांबला. सलामाची वेळ आली होती. बाई वाट पाहत होत्या.

या खेपेला वाघ उठला नाही.