हिरव्या दिव्याची प्रकृती

धनराजसरांच्या वडिलांचं अंबडला लेथचं वर्कशॉप होतं. त्यामुळे सरांनी सॉफ्टवेअरची कंपनी काढली तरी ती वर्कशॉपसारखीच चालवली. नऊला हजेरी, एकला डबा, आणि खंडेनवमीला यंत्रांची पूजा. कॉलेज रोडवर चष्म्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. निफाडकडच्या द्राक्ष पॅकहाउससाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. पेटी ज्या शेतकऱ्याच्या बागेतली, तिच्यावर त्याच्याच नावाचं लेबल छापलं जायला हवं, एवढंच त्याचं काम. किशोर बोरस्तेनं हात लावेपर्यंत ते सोपंही होतं.

किशोर आमच्यातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात जास्त मोडतोड करणारा. एक दुरुस्त करायला जायचा, दुसरं बिघडवून यायचा, वर शीळ घालत चहाला जायचा. त्याच्या या कर्तबगारीमुळेच दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सरांनी बिल्ड सर्व्हर बसवला. कोणीही नवा कोड टाकला की सर्व्हर तो बाकीच्या कोडशी जोडून बघायचा आणि ललितानं लिहिलेल्या सगळ्या टेस्ट चालवायचा. सगळं जमलं तर भिंतीवर हिरवा दिवा, कुठे बिनसलं तर लाल. पुढचा निकाल लागेपर्यंत तोच दिवा राहायचा. दिवे रविवार कारंजावरून आणलेले, लग्नाच्या मांडवात शोभतील असे.

ललिता गांगुर्डे आमची एकुलती एक टेस्टर. आदल्या हंगामात ती पॅकहाउसमध्ये पेट्यांच्या बाजूला उभी राहून काम शिकून आली होती, आणि कुठे काय चुकू शकतं ते तिनं एकेक करून टेस्टमध्ये उतरवलं होतं. बोलायची कमी. लाल दिवा लागला की मान वर न करता एवढंच म्हणायची, "किशोर, तुझा दिवा लागला." आणि दर वेळी तो किशोरचाच असायचा.

सरांना मोजमापाची भारी हौस. आठवडाभरात दिवा किती वेळ हिरवा राहिला ते काढून दर शनिवारी ते फळ्यावर 'बिल्डची प्रकृती' लिहायचे. हिरवा जास्त तर प्रकृती ठणठणीत, आणि सगळ्यांना मिसळ. दसऱ्यापर्यंत आम्ही ती मिसळ क्वचितच खाल्ली.

खंडेनवमीला सरांनी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. त्या दिवशी यंत्राला कामाला लावायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम, तो त्यांनी इथंही पाळला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. परत आलो तेव्हा दिवा हिरवा होता, आणि त्यानंतर तो हिरवाच राहिला. पहिल्या शनिवारी मिसळ, दुसऱ्या शनिवारीही मिसळ. किशोर तर हवेतच होता. आपला हात आता बसला, असं त्यानं चष्म्याच्या दुकानदारालासुद्धा जाऊन सांगितलं. सर म्हणाले, पूजा मनापासून केली की गुण येतोच.

हे सगळं गोड चाललेलं असताना सरांनी ललिताला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आणि मी काही कान झाकून बसले नव्हते.

"बिल्डची प्रकृती आता उत्तम आहे," सर म्हणाले. "टेस्ट करण्यासारखं फारसं उरलेलं दिसत नाही. दिवाळीनंतर तू फोनवर बस. शेतकऱ्यांच्या शंका वगैरे."

ललिता "बरं सर" म्हणून बाहेर आली. तिचा चेहरा पडला होता. इतकं जीव ओतून केलेलं काम चांगलं चाललंय म्हणूनच हातातून जावं, हे मला मुळीच पटलं नाही. पण मिसळ खाल्लेली असल्यामुळे मीही मूग गिळून बसले.

ललिता मात्र दिव्याकडे बघत राहिली. तिच्या मनात पाल चुकचुकत होती. "किशोर सुधारला, हे तुला पटतं?" तिनं मला विचारलं. मी किशोरकडे पाहिलं. तो डाव्या हातानं टाइप करत होता आणि उजव्या हातानं वडापाव खात होता. मला पटलं नाही.

शनिवारी सर फळ्यावर 'उत्तम' लिहीत असताना ललितानं आपल्या टेबलावरून थोडा कोड टाकला आणि हातांची घडी घालून बसली. सरांचं लिहून झालं. दिवा हिरवाच.

"सर," ती म्हणाली, "मी आत्ता निफाड तालुक्यातली सगळी द्राक्षं तुमच्या नावावर केली. कोणाचीही पेटी असो, लेबल तुमचंच छापलं जाईल. दिव्याला त्यात काही गैर वाटत नाहीये."

सर खडू हातात धरून दिव्याकडे बघत राहिले. मग आम्ही सगळेच सर्व्हरपाशी गेलो. हार वाळून चुरा झाला होता. ललितानं मॉनिटर चालू केला. कुंकवाच्या बोटाखाली स्पष्ट लिहिलेलं होतं की बिल्ड थांबवलेला आहे, खंडेनवमीपासून.

"मीच थांबवला होता," सर म्हणाले. "वडिलांकडे दसऱ्याला लेथ पुन्हा सुरू करायचो. ती बंद असली की आवाजावरून कळायचं. हा चालू असो नाहीतर बंद, सारखाच घरघरतो."

म्हणजे आम्ही दोन आठवडे जुन्या निकालावर मिसळ हाणत होतो. ललितानं आधी द्राक्षं ज्याची त्याला परत केली आणि मग बिल्ड सुरू केला. दिवा लाल झाला. स्क्रीनवर किशोरच्या चुका खाली खाली सरकत राहिल्या. सोनेवाडीच्या पेट्या उगावच्या शेतकऱ्यांच्या नावावर गेल्या होत्या, आणि उगावच्या कोणाच्याच नाहीत. हे असंच हंगामात गेलं असतं तर एकेका बागाईतदारानं जिना चढून आमची खबर घेतली असती. किशोरची शीळ बंद पडली.

सरांनी 'उत्तम' हा शब्द स्वतःच्या हातानं पुसला. "ललिता, तू कुठेही जायचं नाहीस," ते म्हणाले. "फोनसाठी दुसरं कोणी बघू."

"किशोर आहे की, सर."

"नको. फोन नवीन आहेत."

ललिता हसली, आणि मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून प्रकृती मोजायची पद्धत बदलली. दिवा लाल किती वेळा झाला आणि हिरव्यावर किती लवकर आला, हे फळ्यावर येऊ लागलं. अख्खा आठवडा एकदाही लाल न होता गेला तर मिसळ नाही, उलट चौकशी. आणि हार घालायचा सरांनी, थांबवायचा आणि सुरू करायचा ललितानं, हेही ठरलं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी दिवा सकाळपासून हिरवा होता. सर एकदा केबिनमधून डोकावून गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

"ललिता, दिवा बराय ना? अजून एकदाही लाल झाला नाही."

ललितानं मान वर केली नाही.

"बराय, सर. किशोर अजून यायचाय."